ईआरपीला एआर जोडताना माहिती खासगी कशी ठेवायची: तयारीपासून चाचणीपर्यंतचे टप्पे

कर्मचाऱ्याच्या डोळ्यांवर ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे एआरचा चष्मा असला की ग्राहकाची माहिती फक्त त्यालाच दिसेल, छापील कागदावर किंवा सामाईक स्क्रीनवर पडून राहणार नाही, या विचाराने अनेक कंपन्या हा प्रकल्प हाती घेतात. विचार चांगला आहे. पण क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. आधी चष्मे येतात. मग ईआरपीची, म्हणजे कंपनीच्या ऑर्डर, साठा आणि हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, एपीआय की (प्रवेशाची डिजिटल किल्ली) त्यांत टाकली जाते. मग नको असलेली फील्ड (माहितीचे रकाने) स्क्रीनवर लपवली जातात. कॅमेरा काय काय टिपतो याची चौकशी सगळ्यांत शेवटी होते. त्यामुळे आधी एका कागदावर उघडी असलेली माहिती आता उपकरणात, नेटवर्कवर आणि व्हिडिओतही उघडी पडते.

बरोबर क्रम असा: आधी माहिती, मग लेबल, मग सर्व्हर, मग कॅमेरा आणि सेन्सर, आणि शेवटी चष्म्यातले दृश्य. समजायला सोपे जावे म्हणून पुढे एकच काम धरले आहे: गोदामातला माल काढणे, पॅक करणे आणि रवाना करणे. तुमच्याकडे यंत्रदुरुस्ती असेल किंवा मालमत्तेची मोजणी असेल, तरी टप्पे हेच.

## तयारी: खरेदीच्या आधी

एकच काम निवडा. संपूर्ण ईआरपी चष्म्यात आणायचा प्रयत्न केला की कोणाला काय दिसावे याचा निर्णय कोणीच घेत नाही आणि सगळ्यांना सगळे दिसू लागते.

निवडलेल्या कामाच्या वाटेने एकदा प्रत्यक्ष चालत जा आणि आज व्यक्तिगत माहिती कुठे कुठे उघडी आहे ते लिहा: पॅकिंग स्लिप, खोक्यावरचे लेबल, टेबलावरचा मॉनिटर, भिंतीवरचा फलक, कचऱ्यात गेलेल्या चुकीच्या प्रिंट. ही यादी झाली की एक प्रश्न विचारा: यातले किती प्रश्न एआरशिवाय सुटतात? पॅकिंग स्लिपवरचा फोन नंबर काढायला चष्मा लागत नाही, प्रिंटचा साचा बदलला तरी पुरते. असे बदल आधी करून टाका. उरेल तेवढ्यासाठीच एआर.

गोपनीयतेवरच्या परिणामांचे मूल्यांकनही याच वेळी करा. युरोपीय संघाच्या जीडीपीआरच्या कलम ३५ नुसार जास्त जोखमीच्या प्रक्रियेसाठी ते प्रक्रिया सुरू होण्याआधी करावे लागते. तो कायदा तुम्हाला लागू नसला तरी क्रम तोच ठेवा. उपकरणे आल्यावर केलेले मूल्यांकन झालेल्या खर्चाचे समर्थन करत बसते.

तपासणी: “हे चष्म्यात दिसणार नाही” असे सांगण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती ठरली आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. प्रत्येक विभाग आपले एक-एक फील्ड घुसवत जाईल आणि थांबवणारे कोणी नसेल.

## टप्पा १: फील्डची यादी करा, स्क्रीनची नाही

सर्वाधिक वेळ इथे द्या. डिझायनर स्क्रीनचे चित्र काढून आणतात आणि मग त्या चित्रात बसेल ती माहिती भरली जाते. त्याऐवजी प्रत्येक भूमिकेसाठी फील्डची यादी करा आणि प्रत्येक फील्डपुढे तीन गोष्टी लिहा: कोणत्या कृतीसाठी हवे, किती वेळ हवे, न दिल्यास काम कुठे अडेल.

पॅकिंग करणाऱ्याला वस्तूचा कोड, नग, खोक्याचा आकार, माल नाजूक आहे का आणि खोके कोणत्या रांगेत ठेवायचे एवढे लागते. ग्राहकाचे नाव लागत नाही. फोन लागत नाही. पत्त्यातला फक्त वितरण विभाग पुरतो. “कधीतरी लागेल” हे कारण ग्राह्य धरू नका. कधीतरी लागेल तेव्हा पर्यवेक्षकाला विचारता येते.

जिथे निर्णयासाठी माहिती लागते तिथे मूळ आकडा न देता निर्णय द्या. जन्मतारखेऐवजी “वय १८ पूर्ण: होय”. थकबाकीच्या रकमेऐवजी “माल सोडा” किंवा “थांबवा”. हा हिशोब सर्व्हरवर व्हायला हवा, चष्म्यात नाही.

सावधान: शेऱ्याचे फील्ड. ईआरपीतले मोकळ्या मजकुराचे रकाने ही सर्वांत दुर्लक्षित गळती आहे. “शेरा” किंवा “सूचना” या रकान्यात लोक दुसरा फोन नंबर लिहितात, “घरी आजारी माणूस आहे, बेल वाजवू नका” असेही लिहितात. फील्डच्या नावावरून ते निरुपद्रवी वाटते म्हणून ते यादीत राहते. मोकळा मजकूर चष्म्यात अजिबात पाठवू नका. त्याऐवजी ठरावीक सूचनांची छोटी यादी करा: नाजूक, उभे ठेवा, आधी संपर्क. जोडलेले फोटो आणि फाइलची नावे यांनाही हाच नियम. फाइलच्या नावात ग्राहकाचे नाव असणे अगदी नेहमीचे आहे.

## टप्पा २: लेबलवर अर्थहीन टोकन छापा

चष्म्याने वस्तू ओळखायची म्हणजे बहुतेक वेळा क्यूआर कोड आला. एका क्यूआर कोडमध्ये जास्तीत जास्त ४,२९६ अक्षरे-अंक मावतात, आणि जागा आहे म्हणून लोक ऑर्डरचा सगळा तपशील त्यात कोंबतात. तसा कोड कोणत्याही फोनने वाचता येतो. मग चष्म्यातल्या सुरक्षेला काही अर्थ उरत नाही.

कोडमध्ये फक्त यादृच्छिक टोकन, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेली खूण, ठेवा. यूयूआयडी या प्रमाणित ओळख-क्रमांकाची चौथी आवृत्ती चालेल, त्यात १२२ यादृच्छिक बिट असतात आणि अंदाजाने पुढचा कोड शोधता येत नाही. टोकन आणि ऑर्डर यांची जोडी सर्व्हरवरच राहील.

इथे तीन चुका वारंवार होतात:

- ऑर्डरचा अनुक्रमांक किंवा ग्राहक क्रमांकच टोकन म्हणून वापरणे. एक लेबल पाहिले की आधीचे आणि नंतरचे क्रमांक कळतात.
- फोन नंबरचा हॅश (गणिती सूत्राने काढलेला सांकेतिक आकडा) काढून तो छापणे. दहा अंकी नंबरच्या एकूण शक्यता १,००० कोटी, म्हणजे साध्या संगणकालाही सगळ्या तपासून पाहता येतात. हॅश केल्याने नंबर लपत नाही.
- टोकन कायमचे जिवंत ठेवणे. माल पोचला की टोकन बंद झाले पाहिजे. नाहीतर कचऱ्यातले खोकेही ऑर्डर उघडते.

तपासणी: साध्या फोनच्या कॅमेऱ्याने लेबल वाचा. निरर्थक अक्षरांखेरीज काहीही दिसले, ग्राहकाच्या पानाची लिंक जरी दिसली, तरी लेबल नापास.

## टप्पा ३: गाळणी सर्व्हरवर बसवा

सर्वांत महागात पडणारी चूक या टप्प्यावर होते. चष्म्यातले अ‍ॅप ईआरपीकडून ऑर्डरची पूर्ण नोंद मागवते आणि त्यातली चार फील्ड दाखवते. पाहणाऱ्याला वाटते, माहिती मर्यादित आहे. प्रत्यक्षात नाव, फोन, पत्ता, रक्कम असे सगळे उपकरणात पोचलेले असते. ते कॅशमध्ये (उपकरणातल्या तात्पुरत्या साठ्यात) बसते, क्रॅश रिपोर्टमधून बाहेर जाते आणि चष्मा हरवला तर त्याच्याबरोबर हरवते. स्क्रीनवर न दाखवणे आणि माहिती न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्रम असा ठेवा:

१. ईआरपी आणि चष्मा यांच्यामध्ये एक छोटी स्वतंत्र सेवा उभी करा. चष्मा फक्त तिच्याशीच बोलेल. ईआरपीचा डेटाबेस किंवा प्रशासकाची की चष्म्यापर्यंत पोचता कामा नये.

२. प्रत्येक भूमिकेसाठी टप्पा १ मधल्या यादीप्रमाणे वेगळे उत्तर बांधा. “सगळे घ्या, नको ते काढा” असा कोड लिहू नका. “काहीच देऊ नका, यादीतले तेवढेच द्या” असा लिहा. उद्या ईआरपीत नवे फील्ड आले तर पहिल्या पद्धतीत ते आपोआप बाहेर पडते, दुसऱ्या पद्धतीत पडत नाही.

३. ईआरपीची स्वतःची परवानगी व्यवस्थाही वापरा. उदाहरणार्थ, ईआरपीनेक्स्ट या ईआरपीमध्ये फील्डला परमिशन लेव्हल देता येते, ओडूमध्ये फील्ड ठरावीक गटापुरते मर्यादित करता येते. मधल्या सेवेसाठी याच मर्यादांचा वेगळा युजर तयार करा, म्हणजे त्या सेवेत चूक झाली तरी मागे दुसरा अडथळा राहतो.

४. लॉगिनचे टोकन (लॉगिन झाल्याची तात्पुरती खूण, लेबलवरचे टोकन नव्हे) थोड्या मिनिटांचे ठेवा आणि ते त्या उपकरणाशी व चालू शिफ्टशी बांधा. पॅकिंग करणाऱ्याला त्याला नेमून दिलेल्या ऑर्डरच उघडता याव्यात, गोदामातली प्रत्येक ऑर्डर नव्हे.

५. कोणी, कधी, कोणते फील्ड पाहिले याची नोंद ठेवा, पण फील्डमधला मजकूर नोंदीत लिहू नका. लॉगमध्ये फोन नंबर साठवणे म्हणजे दुसरी गळती तयार करणे.

तपासणी: प्रॉक्सी (मधली देवाणघेवाण वाचणारे साधन) लावून सर्व्हरचे उत्तर जसेच्या तसे वाचा. यादीबाहेरचे एक फील्ड जरी आले, रिकामे असले तरी, हा टप्पा पूर्ण झालेला नाही. ही तपासणी अ‍ॅप बनवणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याच माणसाने करावी.

## टप्पा ४: कॅमेऱ्याला वेसण घाला

एआरचा चष्मा हा स्क्रीन असण्याआधी कॅमेरा आहे. भोवतालची जागा सतत पाहिल्याशिवाय त्याला खुणा जागेवर ठेवता येत नाहीत. म्हणजे शेजारचा मॉनिटर, टेबलावरची पगारपत्रके, सहकाऱ्यांचे चेहरे हे सगळे त्याच्या नजरेत येते. त्यातले उपकरणाबाहेर काय जाते, हे तुम्ही ठरवायचे.

क्यूआर वाचणे आणि जागा ओळखणे उपकरणातच होऊ द्या. अ‍ॅपला कच्ची चित्रे लागतच नसतील तर ती परवानगी मागूच नका. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये मुख्य कॅमेऱ्याची चित्रे हवी असतील तर अ‍ॅपलकडून वेगळी एंटरप्राइझ परवानगी घ्यावी लागते, आपोआप मिळत नाहीत. प्रत्येक प्रणालीत असा अडथळा नाही, तिथे तो तुम्हीच घालायचा.

चष्मा भोवतालच्या जागेचा जो नकाशा बनवतो त्याकडे लोक काणाडोळा करतात. नकाशा म्हणजे नुसते ठिपके, त्यात काय खासगी, असा समज असतो. तो चुकीचा आहे. ठिपक्यांबरोबर साठवलेल्या वैशिष्ट्यांवरून मूळ दृश्य ओळखू येईल इतपत पुन्हा उभे करता येते, हे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून नकाशाला फोटोइतकेच जपा. क्लाउडवर अँकर (खुणा जागेवर बांधून ठेवणारे बिंदू) ठेवणाऱ्या सेवा वापरताना मुदत तपासा. गूगलच्या एआरकोअर या एआर प्रणालीच्या क्लाउड अँकरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते, पण ठेवता येते म्हणून ठेवायची नसते. गोदामाच्या रांगा ओळखायला भिंतीवर चिकटवलेली छापील खूण पुरत असेल तर क्लाउडची गरजच नाही.

दूरच्या तज्ज्ञाला थेट दृश्य दाखवायचे असेल तर चेहरे आणि मॉनिटर धूसर करण्याचे काम व्हिडिओ उपकरणातून निघण्याआधी झाले पाहिजे. सर्व्हरवर पोचल्यावर धूसर केलेला व्हिडिओ मूळ रूपात तिथे पोचलेलाच असतो. धूसर करणारे सॉफ्टवेअर एखादा चेहरा हमखास चुकवते, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर राहू नका. कॉल सुरू करण्यापूर्वी समोरचे कागद उचलणे आणि मॉनिटर बंद करणे हा लेखी नियम करा. रेकॉर्डिंग मूळ सेटिंगमध्येच बंद असू द्या.

सावधान: फोटो आपोआप क्लाउडवर चढवणारी सोय उपकरण हातात येताच बंद करा. चाचणीच्या दिवसांतले फोटो वर्षभराने भलत्याच खात्यात सापडतात.

## टप्पा ५: कर्मचाऱ्याच्या हालचाली ही त्याची माहिती आहे

ग्राहकाची गोपनीयता राखताना कर्मचाऱ्याची विकली जाऊ नये. डोके, हात आणि नजर यांच्या हालचालींतून माणूस ओळखता येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हीआर (आभासी वास्तव) वापरणाऱ्या ५० हजारांहून अधिक लोकांच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली तपासल्या. अवघ्या १०० सेकंदांच्या नोंदीवरून ९४ टक्क्यांहून जास्त अचूकतेने व्यक्ती ओळखता आली. म्हणजे नाव काढून टाकलेली हालचालींची नोंदही निनावी नसते.

म्हणून हालचालींचा कच्चा प्रवाह साठवू नका. “खोके उचलले”, “तपासले” एवढी घटना पुरते. अ‍ॅपमध्ये जोडलेल्या तयार अ‍ॅनालिटिक्सच्या लायब्ररी काय गोळा करतात ते उघडून पाहा, कारण अशी माहिती तिथूनच बाहेर जाते. आणि या नोंदींवरून कामगिरीचे गुण काढले जाणार नाहीत हे लेखी द्या. तसे लेखी देता येत नसेल तर प्रकल्पाचा हेतूच पुन्हा तपासायला हवा.

## टप्पा ६: लॉगिन आणि सामाईक चष्मे

एकच चष्मा दोन-तीन शिफ्टमध्ये फिरतो आणि आधीच्या माणसाचे सत्र तसेच उघडे राहते. चष्मा डोळ्यांवरून उतरला की कुलूप लागले पाहिजे. बहुतेक उपकरणांत त्यासाठीचा सेन्सर असतो, सेटिंग मात्र तपासून घ्यावे लागते. शिफ्ट संपली की कॅश आणि सत्र दोन्ही पुसले जावे.

हवेत बोटे फिरवून पासवर्ड टाइप करायला लावू नका. शेजारचा माणूस बोटे पाहू शकतो. नजरेने टाइप करणेही निर्धोक नाही: २०२४ मध्ये संशोधकांनी व्हिजन प्रोच्या आभासी चेहऱ्याच्या डोळ्यांच्या हालचालींवरून टाइप केलेला मजकूर ताडून दाखवला आणि अ‍ॅपलला ती त्रुटी दुरुस्त करावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या एआर हेडसेटमध्ये आहे तसे डोळ्याच्या बुबुळावरून साइन-इन, किंवा पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली), हे पर्याय बरे. बुबुळ वापरत असाल तर त्याचा साचा उपकरणातच राहतो ना, याची खात्री करा. ओळखपत्रावर छापलेला क्यूआर कोड लॉगिन म्हणून देऊ नका, कारण त्याचा फोटो काढला की झाली नक्कल.

उपकरण व्यवस्थापन प्रणालीत प्रत्येक चष्मा नोंदवा, किऑस्क मोडमध्ये फक्त तुमचेच अ‍ॅप चालू द्या आणि दुरून पुसण्याची सोय सुरू ठेवा.

## टप्पा ७: आता चष्म्यातले दृश्य

आधीचे टप्पे नीट झाले असतील तर इथे फार काम उरत नाही. माहिती मागितल्यावरच दिसावी आणि लेबल नजरेआड झाले की नाहीशी व्हावी. संवेदनशील मजकूर जागेवर कायमचा चिकटवून ठेवू नका. पुढचा माणूस तोच चष्मा घालून तिथे गेला तर त्याला तो दिसू शकतो.

फोन किंवा टॅबलेटवरचा एआर ही खासगी स्क्रीन नव्हे, शेजारी उभा असलेला कोणीही ती पाहतो. तिथे फील्ड आणखी कमी ठेवा. पारदर्शक काचांच्या काही चष्म्यांतही उजळ मजकुराचा प्रकाश समोरून दिसतो. अंधाऱ्या खोलीत दुसऱ्याला समोर उभे करून हे पाहून घ्या.

सावधान: स्क्रीन मिररिंग. प्रशिक्षणासाठी चष्म्यातले दृश्य मोठ्या टीव्हीवर दाखवले जाते आणि नंतर ती सोय तशीच सुरू राहते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये “फ्लॅग सिक्युअर” लावला की त्या खिडकीचे स्क्रीनशॉट आणि असुरक्षित पडद्यावरचे प्रक्षेपण अडते. प्रशिक्षणासाठी खोट्या नोंदींचे वेगळे खाते ठेवा.

## टप्पा ८: भोवतालची माणसे

चष्मा कुठे घालायचा नाही ते आधी ठरवा: विश्रांतीची जागा, स्वच्छतागृह, मनुष्यबळ विभागाची खोली. दारावर सूचना लावा. कॅमेरा सुरू असल्याचा दिवा झाकणारे स्टिकर किंवा कव्हर चालवून घेऊ नका. “मला यात यायचे नाही” असे कोणी म्हटले तर त्याला दुसरा मार्ग द्या. आणि हे चष्मे वाटण्याआधी सांगा. वाटून झाल्यावर घेतलेली संमती नावापुरती असते.

## टप्पा ९: मोडून पाहण्याची चाचणी

चाचणी फक्त बनावट नोंदींवर करा. “खऱ्या डेटाची प्रत, नावे बदलून” हा मार्ग नको. पत्ता आणि खरेदीच्या तपशिलांवरून माणूस परत ओळखता येतो. चाचणीत हे पाच प्रसंग मुद्दाम घडवून आणा:

१. चष्मा हरवला असे समजा. कळवल्यापासून पुसला जाईपर्यंत किती वेळ गेला? तो बंद असेल किंवा नेटवर्कबाहेर असेल तर काय होते?

२. लेबलचा फोटो काढून बाहेरच्या फोनने टोकन वापरून पाहा.

३. शिफ्ट बदलताना लॉगआउट न करता चष्मा दुसऱ्याच्या हातात द्या.

४. पॅकिंगच्या खात्याने दुसऱ्या रांगेतली ऑर्डर उघडायचा प्रयत्न करा.

५. नेटवर्क तोडा. उपकरणात काय शिल्लक दिसते? जे दिसते ते चोरालाही दिसेल.

जीडीपीआर लागू असेल तर गळतीची माहिती मिळाल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावे लागते, म्हणून पहिल्या प्रसंगाची वेळ घड्याळ लावून मोजा. कोणी कोणाला फोन करायचा, चष्म्याचा क्रमांक कुठे सापडेल, पुसण्याचा आदेश कोण देईल, हे त्या वेळी शोधत बसायला लागू नये.

## टप्पा १०: सुरू झाल्यावर

दर तिमाहीला टप्पा १ ची यादी आणि सर्व्हरचे प्रत्यक्ष उत्तर शेजारी ठेवून पाहा. ईआरपीच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतरही हेच करा. लॉगमध्ये सलग तीन महिने कोणीच न उघडलेले फील्ड यादीतून काढा. कोणी सोडून गेले की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करा.

या क्षेत्रात उपकरणे आणि सेवा अचानक बंद होतात, ही बाबही गोपनीयतेचीच आहे. गूगलने ग्लास या आपल्या चष्म्याच्या एंटरप्राइझ आवृत्तीची विक्री २०२३ मध्ये थांबवली. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चे उत्पादन २०२४ मध्ये बंद केले आणि अझूर स्पेशियल अँकर्स ही क्लाउडवर अँकर ठेवणारी सेवा २० नोव्हेंबर २०२४ रोजी गुंडाळली. सुरक्षेचे अपडेट थांबलेला चष्मा गोदामात वापरत राहणे म्हणजे कुलूप नसलेला कॅमेरा फिरवणे. म्हणून खरेदीच्या करारात दोन गोष्टी लिहून घ्या: सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख, आणि सेवा बंद झाल्यास साठवलेले नकाशे व नोंदी पुसल्याचे लेखी प्रमाणपत्र. चष्मा विकायच्या, परत करायच्या किंवा दुरुस्तीला पाठवायच्या आधी तो फॅक्टरी रीसेट करा, व्यवस्थापन प्रणालीतून त्याची नोंद काढा आणि सर्व्हरवर त्या उपकरणाचे डिजिटल प्रमाणपत्र रद्द करा. यातले शेवटचे काम सर्वांत जास्त राहून जाते, त्यामुळे त्याचा रकाना उपकरण परतीच्या फॉर्मवरच छापून ठेवा.